लाकडी फटफटीचा दिवा

थंडी पडली की पत्र्याची ट्रंक उघडायची, हे आमच्या घरात माझं काम. आई पलंगावर बसून सूचना देते आणि मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात डोकं घालून एकेक कपडा वर काढते. रजया, कानटोप्या, तिची शाल आणि सगळ्यांत खाली आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तपकिरी स्वेटर. तो घालणारा माणूस जाऊन आता दोन वर्षं होतील. स्वेटर मात्र दर वर्षी बाहेर येतो, चार दिवस गच्चीवर ऊन खातो आणि महाशिवरात्रीनंतर परत ट्रंकेत जातो. तो कुणी घालत नाही आणि कुणाला देऊन टाकायचा विषयही कुणी काढत नाही.

काल तो कठड्यावर झटकला, तर विणीतून भुसा पडला. पिवळट, बारीक, शिवणीच्या लाकडाचा. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे असल्या गोष्टी मला फारशा पटत नाहीत. स्वेटर तीनदा धुतलाय. तीन धुण्यांनंतर लोकरीत भुसा उरतो कसा, हे मला कुणी सोडवून दाखवावं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "उरतो बाई. काही काही उरतं." आणि शाल घेऊन निघून गेली.

खालच्या रस्त्यावरून रद्दीवाला ओरडत गेला. या दिवसांत त्याची रद्दी निफाड-दिंडोरीकडे जाते, द्राक्षांच्या घडांना बांधायला. सातपूरच्या आमच्या गल्लीत सकाळी नळाचं पाणी बोटं कापतं, आणि दुपारी मात्र अंगणात सतरंजी टाकून बसावंसं वाटतं. आप्पा असतानाचा तो एक हिवाळाही असाच होता. तोंडावर दहावीची पूर्वपरीक्षा, माझ्या मांडीवर उत्तरपत्रिका, हातात लाल पेन, आणि परसातल्या पत्र्याच्या शेडमधून येणारा रंध्याचा आवाज. सर्र, सर्र आणि मग थोडं थांबून पुन्हा सर्र. त्या मधल्या थांबण्याकडेच आमचे कान असायचे.

आप्पा पॅटर्नमेकर होते. असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे ड्रेसचे का?" नाही हो. इथल्याच एका फाउंड्रीत ते पस्तीस वर्षं होते. पंपाचं धड असो नाहीतर यंत्राचं चाक, धातूत ओतायच्या आधी ते कुणालातरी लाकडात करावं लागतं. ते लाकूड वाळूत दाबायचं, अलगद वर उचलायचं आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेला रस ओतायचा. रस थंड झाला की वस्तू तयार. लाकडाचं काम संपलं. ते मग फाउंड्रीच्या मांडणीवर धूळ खात पडायचं, आणि वस्तू बंद झाली की एखाद्या थंडीत वॉचमनच्या शेकोटीत जायचं.

"लोकांनी लोखंड बघितलं," आप्पा म्हणायचे. "माझं लाकूड फक्त वाळूनं बघितलं."

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणत नसत. पण म्हणत मात्र नेहमी.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या हाताच्या थरथरण्याला नाव दिलं, कंपवात. हा रोग मोठा विचित्र. हात नुसता मांडीवर ठेवला की जास्त हलायचा आणि कामाला लावला की कमी. डॉक्टर म्हणाले, "हाताला उद्योग द्या. अजून वर्षभर तरी बारीक काम जमेल. पुढचं मी सांगत नाही." दिवाळीच्या पाडव्याला आईनं ओवाळलं, तबक खाली ठेवलं आणि तेव्हा आप्पांनी जाहीर केलं, "मी आपली फटफटी करणार आहे. लाकडात. पूर्ण मापाची."

मी हसले. खोटं कशाला सांगू? म्हटलं, "आप्पा, आता तुम्ही खेळणी करणार?"

"खेळणं नाही," ते म्हणाले. "आजवर जे केलं ते ओतण्यासाठी केलं. हे ओतायचं नाही. एकदा तरी लाकडावरच थांबायचं आहे मला. लाकूड हीच शेवटची वस्तू."

मग मी हसले नाही.

आपली फटफटी म्हणजे काय, तेही सांगायला हवं. मी जन्मायच्या आधी आप्पांकडे एक जुनी इंग्लिश बनावटीची मोटरसायकल होती. कंपनीचं नाव मी सांगत नाही; आप्पांनी ते पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं आणि पुढचा अर्धा तास तुमची सुटका झाली नसती. मनमाडच्या एका निवृत्त होणाऱ्या इंजिन ड्रायव्हरकडून ती त्यांनी घेतली होती. आईचं माहेर बागलाणातलं नामपूर. लग्न झाल्यावर वऱ्हाडाचा ट्रक पुढे गेला आणि आप्पांनी नव्या नवरीला फटफटीवर बसवून नाशिकला आणलं. सटाणा, देवळा, चांदवड, सगळा रस्ता. आईला त्या प्रवासातलं नवऱ्याचं तोंड आठवत नाही, कारण ते पुढे होतं. तिला आठवतो तो दिवा. पुढचा मोठा दिवा त्याच्या खोबणीत सैल झाला होता आणि नाशिक येईपर्यंत खडखडत होता. "तुझ्या आप्पांशी काय बोलणार? ते पुढे, मी मागे आणि मध्ये तो दिवा बडबड करतोय," असं ती अजून सांगते.

तो खडखडाट घालवायचा म्हणून आप्पांनी एकदा दिवा काढून घरात आणला. आज बसवू, उद्या बसवू करता करता मी जन्मले, फटफटीच्या जागी स्कूटर आली आणि फटफटी दिव्याशिवायच भंगारात गेली. दिवा राहिला माळ्यावर. सैल होता म्हणून वाचला, एवढंच.

फटफटी हाताशी होती तेव्हा आप्पांनी आणखी एक काम केलं होतं. नवीन नोकरी, शिकण्याचा उत्साह. त्यांनी तिचा प्रत्येक भाग मोजून एका वहीत चित्रांसह उतरवून ठेवला होता. दोन चाकांमधलं अंतर, टाकीची गोलाई, दिव्याचा व्यास, सायलेन्सरचा बाक, सगळं. ती वही पिवळी पडली होती, पण आकडे शाबूत होते. त्या वहीवरून काम सुरू झालं. गंजलेला दिवा क्रोम करायला अंबडच्या एका माणसाकडे दिला. तो म्हणाला आठ दिवस आणि त्यानं लावले दोन महिने. पण त्याचा राग कुणाला आला नाही, कारण दिवा सगळ्यांत शेवटी लागणार होता.

सांगाड्याला सागवान, टाकीला आणि इंजिनाला शिवण, चाकाचे आरे बांबूचे. पहिलं चाक उभं राहिलं तेव्हा आई शेडच्या दारात येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "बैलगाडी करताय का?" आप्पांनी दुसऱ्या चाकाचे आरे मोजायला घेतले. दुसऱ्या चाकानंतर ती असं काही म्हणाली नाही. सांगाड्यावर टाकी बसली त्या दिवशी तिनं शेडमध्ये स्वतःसाठी खुर्ची नेऊन ठेवली आणि तिथे बसून मेथी निवडली.

सकाळची गोळी घेतल्यावर अकरा ते एक, एवढाच वेळ हात ताब्यात असायचा. त्या दोन तासांत त्यांनी इंजिनाचे पातळ पातळ पंखे केले, एकाखाली एक, मध्ये काडेपेटीची काडी जाईल एवढीच फट. सीटच्या कातड्याला बसून बसून पडतात तशा सुरकुत्या त्यांनी लाकडात कोरल्या. मी विचारलं, "नव्या गाडीच्या सीटला सुरकुत्या कशाला?" तर म्हणाले, "नवी कुठे करतोय? आपली करतोय." ब्रेकच्या तारेसाठी वेताची काडी. मडगार्डवर एक पोचा होता, चांदवडच्या रस्त्यावरच्या दगडाचा. तोसुद्धा त्यांनी पटाशीनं खोदला, आणि खोदून झाल्यावर त्यावरून अंगठा फिरवत बराच वेळ बसले.

बघायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, "चालते का?" दूधवाला, समोरच्या देशमुख वहिनी, माझ्या शाळेतले सहकारी. आप्पा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "उभी राहते, ते काय कमी आहे?" मला तो प्रश्न मूर्खपणाचा वाटायचा. लाकडाची फटफटी कशी चालेल? पण उत्तरपत्रिका तपासताना मधेच मान वर केली आणि परसात उन्हात ती दिसली, की माझ्याही मनात एकदा येऊन जायचंच.

सवय हा मोठा अवघड प्रकार आहे. वाळूत दाबलेलं लाकूड सहज वर निघावं म्हणून पॅटर्नच्या उभ्या बाजूंना अगदी जरासा उतार द्यावा लागतो. पस्तीस वर्षं हा उतार देऊन देऊन आप्पांच्या हाताला सरळ उभी बाजू येईनाशी झाली होती. इंजिनाची एक बाजू झाली, त्यांनी काटकोनाचा गुण्या लावून बघितला आणि स्वतःशीच हसायला लागले. "बघ, बघ शुभा. उतार दिला मी. हात ऐकतच नाही. अरे बाबा, वाळू नाहीये इथे!" आणि त्यांनी तो उतार रंध्यानं काढला. आई मेथी निवडता निवडता म्हणाली, "जित्याची खोड!" पुढची अर्धी म्हण तिनं गिळली. घरात तेव्हा तेवढं भान सगळ्यांनाच होतं.

त्या दिवसापासून ते उताराच्या बाबतीत फार सावध झाले. प्रत्येक बाजू दोनदा तपासायचे. पुढच्या दारावर पहारा ठेवला की माणूस निर्धास्त होतो, तसंच झालं.

जानेवारीचा पहिला रविवार असेल. फटफटी जवळजवळ पुरी झाली होती. दिवा यायचा आणि बसवायचा, एवढंच उरलं होतं. तो जिच्यात बसणार ती लाकडी वाटीसुद्धा वहीतल्या मापानं तयार होती. आई म्हणाली, "कव्हर शिवून टाकू, सातपूरची धूळ काय कमी आहे का?" म्हणून मी शिवणकामाची टेप घेऊन मापं घ्यायला गेले. आप्पा आत झोपले होते. दोन चाकांमधलं अंतर मोजलं ते एकशे अडतीस पूर्णांक आठ दशांश सेंटिमीटर आलं. वही शेजारीच उघडी होती. वहीत एकशे सदतीस.

टेप ताणली गेली असेल म्हणून पुन्हा मोजलं. मग टाकी मोजली. मग सीट. सगळं थोडं थोडं जास्त. आणि जास्तही कसं, तर एकाच प्रमाणात. एकाच प्रमाणात येणारी चूक ही चुकून होत नाही, ती नियमानं होते. मी घरात जाऊन माझी शाळेची स्टीलची पट्टी आणली आणि आप्पांच्या पेटीतल्या वरच्या खणातल्या पट्टीला चिकटवून धरली. शून्याला शून्य जुळलं. तीसला तीस जुळेना. आप्पांच्या पट्टीवरचा तीसचा आकडा माझ्या पट्टीच्या चार मिलिमीटर पुढे होता.

ती श्रिंकेजची पट्टी होती. वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न नेहमी किंचित मोठं करावं लागतं. दर वेळी किती मोठं, हे कोण मोजत बसणार? म्हणून या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर मुळातच जरा ऐसपैस. तुम्ही आकडा बघून काम करायचं, वाढ आपोआप मिळते. साधी पट्टी पेटीच्या तळाशी होती. पण हात वरच्या खणात गेला होता, पस्तीस वर्षं गेला तसाच. ज्या माणसाला एकदाच लाकडावर थांबायचं होतं, त्याच्या हातानं तीही फटफटी ओतण्यासाठीच केली होती.

मी कशी आहे, ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. अर्ध्या मार्कासाठी मी मुख्याध्यापकांशी भांडलेली आहे. चूक दिसली की माझ्या हातात लाल पेन येतंच. त्या दुपारी मी दोन्ही पट्ट्या हातात घेऊन शेडमध्ये उभी होते आणि मला पहिल्यांदा वाटलं, की हे मला दिसायला नको होतं.

आईला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे किती मोठी झाली?"

"अख्ख्या लांबीत तीनेक सेंटिमीटर."

"कुणाला कळेल?"

"कुणालाच नाही. पण दिवा खरा आहे, आई. तो त्याच्या मूळ मापाचा आहे. तो वाटीत बसणार नाही. सैल होईल."

आई भाकरी थापता थापता थांबली. ती एरवी तुमच्याआमच्यासारखंच बोलते. पण मनातून हलली की नामपूर वर येतं. "त्यासले काही सांगू नको," ती म्हणाली. "हात शे तवर करू दे."

हात आहेत तोवर. सांगितलं असतं तर आप्पांनी सगळं मोडून पुन्हा सुरू केलं असतं, याबद्दल आम्हां दोघींनाही शंका नव्हती. आणि पुन्हा सुरू केलेलं संपवायला हात राहिले नसते, याबद्दलही नव्हती. मग मी मूग गिळून बसले. आठ दिवस. शेडमध्ये जायचे, पॉलिश पेपर घासून द्यायचे, "सुंदर झालंय" म्हणायचे आणि ते खरंच सुंदर झालेलं असल्यानं मला जास्तच अपराधी वाटायचं. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर त्या आठवड्यात मी फार सौम्य होते. एका मुलानं उत्तर चुकवलं होतं पण रीत अचूक होती. त्याला मी पूर्ण मार्क दिले. आयुष्यात पहिल्यांदा.

एकदा वाटलं, गुपचूप वाटीच्या आतून कापडाची पट्टी चिकटवावी, दिवा घट्ट बसेल. कात्री, कापड घेऊन गेलेही. पण वाटी हातात घेतली आणि तिची ती आतली गुळगुळीत गोलाई बोटांना लागली. हलणाऱ्या हाताच्या माणसानं ती केली होती. तिच्यात चिंधी चिकटवायचा धीर मला झाला नाही.

संक्रांतीच्या सकाळी अंबडहून दिवा आला. आप्पांनी मुद्दाम गांगुर्डे काकांना बोलावलं होतं. गांगुर्डे काका म्हणजे त्याच फाउंड्रीतले मोल्डर. आप्पांचं लाकूड वाळूत दाबायचे आणि उचलायचे, ते हेच. दोघांची उभी हयात एकमेकांच्या हातावर गेलेली. ते इगतपुरीहून पहिल्या गाडीनं आले, कानटोपी न काढता थेट परसात गेले आणि फटफटीभोवती दोन फेऱ्या मारून एवढंच म्हणाले, "मिस्तरी, लय भारी. लय म्हंजे लयच." आकाशात पतंग होते. आईनं ताटलीत तिळगूळ आणून ठेवला होता, पण कुणी हात लावला नव्हता.

आप्पांनी दिवा फडक्यानं पुसला आणि वाटीत सरकवला. तो गेला. अगदी सहज गेला. मग त्यांनी हात काढला आणि दिवा टक् करून एका बाजूला कलला.

आप्पांनी दिवा काढला, पुन्हा बसवला. पुन्हा टक्. त्यांनी करंगळीचं नख दिवा आणि लाकडाच्या मधल्या फटीत घातलं आणि तसेच उभे राहिले. आम्हांला मोजावं लागतं. त्यांच्या नखाला कळायचं.

"दोन मिलिमीटर," ते म्हणाले. मग हळूहळू पेटीपाशी गेले, वरच्या खणातली पट्टी काढली आणि डोळ्यांजवळ धरून तिच्या टोकाचं बारीक अक्षर वाचलं.

"मला माहीत होतं, आप्पा," मी म्हणाले. "आठ दिवसांपासून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तू बोलली नाहीस? तू?"

त्या 'तू'मध्ये राग नव्हता. नवल होतं, आणि ते मला रागापेक्षा जास्त लागलं. मी रडले. पन्नाशीची बाई, शाळेत जिच्या आवाजानं व्हरांडा रिकामा होतो ती, पदर तोंडात धरून रडले.

गांगुर्डे काका मधे पडले. "मिस्तरी, जीवाला काय लावून घेता? चुकलंय कुठं? ह्येच्यावर साचा धरा, रस ओता. थंड झाला का बरोब्बर तुमची फटफटी निघंल. केसाचा फरक नाय पडनार. मी सांगतो ना."

"ते मला ठाऊक आहे, गांगुर्डे," आप्पा म्हणाले. "पण ओतायचीच नव्हती रे मला."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. माणूस ज्या कामात आयुष्य घालवतो ते काम त्याच्या हाताला अशी काही मापं शिकवतं, की त्याबाहेर त्याला स्वतःसाठी म्हणून काही करताच येत नाही. आई अजून दोन माणसांपुरती कणीक मळू शकत नाही. मी वाढदिवसाचं पत्र लिहिते आणि खाली रेघ मारते. एरवी आपण यावर हसतो. त्या सकाळी हसण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात आईनं चपला काढल्या. पदर खोचला, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि दोन्ही पाय एका बाजूला सोडून ती फटफटीच्या मागच्या सीटवर बसली. कुणी तिला बस म्हटलं नव्हतं. कुणाला विचारायची तिची पद्धतही नाही. सागवान जरासं करकरलं आणि थांबलं.

"मोठी झाली म्हणे," ती म्हणाली. "माले तवय बी ती इतलीच मोठी वाटे." आणि मग आप्पांना, "अहो, बसा की. किती वेळ उभी ठेवताय?"

आप्पा हसले नाहीत. पण पट्टी त्यांनी खाली ठेवली. गांगुर्डे काकांनी दंड धरला, आणि आप्पा पाय टाकून पुढच्या सीटवर बसले. इतक्या दिवसांत ते तिच्यावर एकदाही बसले नव्हते. दिवा लागल्याशिवाय बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मी दिवा वाटीत ठेवला. त्यांनी दोन्ही हात हँडलवर ठेवले. नुसते ठेवले, काम काही नव्हतं. नुसता ठेवला की तो हात जास्त हलायचा, हे मी आधी सांगितलंच आहे.

हँडल थरथरलं. आणि दोन मिलिमीटरच्या जागेत दिवा वाजायला लागला. खडखडखडखड, बारीक आणि एकसारखा.

आईनं डोळे मिटले. तिचा हात आप्पांच्या खांद्यावर गेला, त्या तपकिरी स्वेटरवर. "चालू व्हयनी," ती म्हणाली. चालू झाली.

आप्पांनी हात उचलले नाहीत. बराच वेळ दोघं तशीच बसून होती. गांगुर्डे काकांनी कानटोपी काढली आणि ते पतंगांकडे बघत उभे राहिले. तिळगूळ दुपारी वाटला.

नंतर लोक म्हणाले, दिव्यात पॅकिंग घाला, लाकडाची कडी बसवा, पाच मिनिटांचं काम आहे. आप्पांनी कडी करायला घेतलीसुद्धा. अर्धी झालेली ती कडी अजून पेटीत आहे, वरच्या खणात, पट्टीशेजारी. हात गेले म्हणून राहिली की त्यांनी ठेवली म्हणून राहिली, हे मी विचारलं नाही. पुढच्या थंडीत ते शेडमध्ये फक्त बसायला यायचे. संध्याकाळी पाचला दोघं फटफटीवर बसायची, पंधरा-वीस मिनिटं, चहा होईपर्यंत. स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं. दिवा दिवसेंदिवस मोठ्यानं वाजायला लागला होता आणि त्याचा अर्थ मला कळत होता. कोणी विचारलं, चालते का, तर आप्पा आता वेगळं उत्तर द्यायचे. म्हणायचे, "संध्याकाळी या."

आता फटफटी पुढच्या खोलीत आहे. कव्हर शिवलं ते मूळ मापाचं नाही, तिच्या मापाचं. काल स्वेटर उन्हात टाकला, संध्याकाळी खाली आणला, तर आईनं तो मांडीवर घेतला आणि मला म्हणाली, "कव्हर काढ."

ती मागे बसली. मला म्हणाली, "तू पुढं बस." मी बसले, हँडलवर हात ठेवले. माझे हात चांगले आहेत. अगदी स्थिर. खोलीत काही आवाज नव्हता.

"चालू कर की," आई मागून म्हणाली.

मी हँडल हलवलं. दिवा धडधडला, खिडकीची काचसुद्धा वाजली.

"एवढ्या जोरात नाही गं. त्यासना हात आसा नव्हता." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हळू. अजून हळू."

मी पुन्हा धरलं. बोटं सैल सोडली. हळू, अजून हळू, दोन मिलिमीटरच्या आत.

"हां," आई म्हणाली. "सटाणा गेलं. आता देवळा येईल."